थांबायचं कधी, आणि कोणासाठी?

हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके पुढे बऱ्याचदा अधूनमधून चुकतात. मध्येच एखादा जास्तीचा ठोका पडतो. ज्यांच्यात असे ठोके जास्त, त्यांच्यात अचानक मृत्यूचं प्रमाणही जास्त, हे १९८०च्या दशकात डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. त्यामुळे हिशेब सरळ वाटत होता. जास्तीचे ठोके आवरणारी औषधं द्यायची, म्हणजे मृत्यू टळतील. अमेरिकेत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही अशी दोन औषधं मान्यता मिळून बाजारात आली होती आणि डॉक्टर ती लिहूनही देत होते.

मग १९८७ मध्ये 'कास्ट' नावाची मोठी चाचणी सुरू झाली. आधी प्रत्येक रुग्णाला औषध देऊन पाहिलं. ज्यांचे जास्तीचे ठोके खरोखरच कमी झाले त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे चाचणीतला प्रत्येक जण असा होता, की त्याच्या बाबतीत औषध 'चालतं' हे मशीनवर दिसलेलं होतं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बऱ्याच डॉक्टरांना हेच खटकत होतं. जे औषध चालतंय ते अर्ध्या लोकांना नाकारायचं? चाचणीच्या मूळ आराखड्यात सांख्यिकी कसोटीसुद्धा एकाच बाजूची होती. औषधाने फायदा होतो की नाही, एवढंच विचारायचं होतं. नुकसान होईल ही शक्यता कुणी फारशी धरलीच नव्हती.

एप्रिल १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग घाईने थांबवावा लागला. अंतिम आकडे असे: औषध मिळालेल्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबो मिळालेल्या ७४३ जणांपैकी २६. सरासरी दहा महिन्यांच्या आत. ठोके आवरले गेले होते, माणसं मात्र जात होती.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरी गेले काही महिने मी अशा अर्ध्यावर थांबलेल्या चाचण्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय. कारण त्यांच्यात एक असा प्रश्न आहे, जो डॉक्टरांचा जेवढा आहे तेवढाच आपलाही आहे. समोरच्या माणसाशी नीट वागायचं आणि अजून न भेटलेल्या हजारो माणसांशीही नीट वागायचं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नसतील, तर कुणाची बाजू घ्यायची?

बंद खोलीतली माणसं

'कास्ट' थांबवली कुणी? रुग्णांनी नाही, कारण आपल्याला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांनीही नाही, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. मोठ्या चाचण्यांमध्ये एक छोटी समिती असते. तिच्यात काही डॉक्टर, काही सांख्यिकीतज्ज्ञ, कधी नीतिशास्त्राचा एखादा जाणकार. चाचणी चालू असताना ठरावीक टप्प्यांवर ही मंडळी बंद दाराआड बसतात आणि दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतात. बाकी कुणालाही ते आकडे दिसत नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकेत एका सरकारी अहवालाने अशी स्वतंत्र देखरेख असावी असं सुचवलं, आणि हळूहळू ती पद्धत जगभर रुळली.

त्या खोलीतल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका गटात १२ मृत्यू, दुसऱ्यात ६. हा योगायोग असू शकतो. नसूही शकतो. तुम्ही 'चालू ठेवा' म्हणून सही करता आणि घरी जाता. पुढची बैठक सहा महिन्यांनी. त्या सहा महिन्यांत कोणीतरी, कुठल्यातरी गावात, तुम्हाला आलेल्या शंकेबद्दल काहीही माहीत नसताना सकाळी गोळी घेतंय. ती शंका त्याला सांगितली तर तो चाचणी सोडेल, सगळेच सोडतील, आणि खरं काय ते कधीच कळणार नाही. नाही सांगितली तर आपण त्याच्यापासून त्याच्याच जिवाबद्दलची एक गोष्ट लपवतोय.

हे मी आईला सांगत होतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. आकडे तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, "अरे, पण त्या माणसांना हे ठाऊक होतं का, की कुणीतरी असं बघत बसलंय म्हणून?" हो, संमतीपत्रात लिहिलेलं असतं, असं मी म्हटलं. "लिहिलेलं असणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं," ती म्हणाली. तो विषय तिने तिथेच सोडला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

रोज डोकावलं तर काय बिघडतं?

या प्रश्नाची एक बाजू मला माझ्या कामामुळे कळते. आमच्याकडे ए-बी टेस्ट चालतात. अ‍ॅपमधलं बटण अर्ध्या लोकांना एका जागी दाखवायचं, अर्ध्यांना दुसऱ्या जागी, आणि कुठे जास्त लोक दाबतात ते मोजायचं. टेस्ट दोन आठवड्यांची ठरलेली असते. तिसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर हिरवा आकडा दिसला की कुणीतरी विचारतंच, "जिंकलंय ना? मग थांबवून सगळ्यांना देऊन टाकू."

यात गोम अशी आहे. आकडे सुरुवातीला खूप वरखाली होतात. दोन्ही बटणं अगदी सारखीच असली तरी कधी हे पुढे दिसतं, कधी ते. 'चुकून फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के' असा नियम लावून एकदाच, शेवटी बघितलं तर ठीक. पण तोच नियम ठेवून सारख्या अंतराने पाच वेळा डोकावलं, आणि जेव्हा फरक दिसेल तेव्हा थांबायचं ठरवलं, तर चुकण्याची शक्यता ५ वरून साधारण १४ टक्क्यांवर जाते. दहा वेळा डोकावलं तर १९ टक्क्यांवर. म्हणजे नुसतं बघण्याचीसुद्धा किंमत असते.

यावर उपाय शोधणाऱ्यांत सर्वात मोठं नाव अब्राहम वाल्ड यांचं. दुसऱ्या महायुद्धात, दारूगोळ्याची तपासणी कमीत कमी नमुन्यांत कशी उरकायची या गरजेतून त्यांनी टप्प्याटप्प्याने निर्णय घेण्याचं गणित मांडलं. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते इथे व्याख्यानांसाठी आले असताना, डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. त्यांच्या गणिताच्या पायावर पुढे इतरांनी औषधांच्या चाचण्यांसाठी नियम बनवले. १९७९ मधला ओब्रायन-फ्लेमिंग नियम हा त्यातला फार वापरला जाणारा. सोप्या शब्दांत तो सांगतो, की लवकर थांबायचं असेल तर पुरावा डोंगराएवढा हवा. जसजसा शेवट जवळ येईल तसा थोडा कमी पुरावाही चालेल.

आमच्या बटणाला हा नियम लावणं सोपं आहे. चुकलो तर पुढच्या आठवड्यात बटण परत जुन्या जागी. पण पुरावा 'डोंगराएवढा' होण्यासाठी जी भर पडते ती मृत्यूंची असेल, तर?

बारा बाळं

हा प्रश्न सगळ्यात उघडा पडतो तो नवजात बाळांच्या एका उपचारात. काही बाळांची फुप्फुसं जन्मतः नीट काम करत नाहीत. 'एक्मो' या यंत्रात बाळाचं रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडतात. फुप्फुसांना विश्रांती मिळते. १९८०च्या दशकात मिशिगनमधल्या डॉक्टरांना याची चाचणी घ्यायची होती, पण अर्धी बाळं मुद्दाम जुन्या उपचारावर ठेवायला मन धजत नव्हतं. मग त्यांनी वेगळी रीत वापरली. एका भांड्यात दोन रंगांचे गोटे आहेत असं समजा. ज्या उपचाराने बाळ वाचेल त्या रंगाचा आणखी एक गोटा भांड्यात टाकायचा, आणि पुढच्या बाळाचा उपचार भांड्यातून निघेल त्या रंगाप्रमाणे. जिंकणाऱ्याकडे पारडं आपोआप झुकत जातं. आमच्या क्षेत्रात आज जाहिराती निवडायला असेच अल्गोरिदम वापरतात.

पहिल्या बाळाला एक्मो मिळालं, ते वाचलं. दुसऱ्याला जुना उपचार मिळाला, ते गेलं. त्यानंतरच्या दहाही बाळांना एक्मो मिळालं आणि सगळी वाचली. १९८५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बारा बाळांपैकी अकरा एक्मोवर, अकराही जिवंत. एक जुन्या उपचारावर, मृत.

यापेक्षा माणुसकीची चाचणी काय असणार? पण जगाने ती मानली नाही. जुन्या उपचारावर एकच बाळ होतं. ते कदाचित मुळातच जास्त आजारी असेल. एका बाळावरून काय ठरवणार? म्हणून हार्वर्डच्या डॉक्टरांनी पुन्हा चाचणी घेतली. जुन्या उपचारावरच्या दहा बाळांपैकी चार गेली, एक्मोवरची नऊच्या नऊ वाचली. तिथे त्यांनी चिठ्ठ्या टाकणं थांबवून पुढच्या सगळ्या बाळांना एक्मो दिलं. या चाचणीत जुना उपचार वाट्याला आलेल्या बाळांच्या आईवडिलांना चाचणीबद्दल विचारलंही गेलं नव्हतं. विचारलं असतं तर सगळ्यांनी एक्मोच मागितलं असतं, असा त्यामागचा विचार. आईचं 'ठाऊक असणं' इथे आठवतं.

तरीही वाद मिटला नाही. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये तिसरी, मोठी चाचणी सुरू झाली. १८५ बाळं झाल्यावर देखरेख समितीने तीही मुदतीआधी थांबवली. जुन्या उपचारावरच्या ९२ पैकी ५४ बाळं दगावली होती, एक्मोवरच्या ९३ पैकी ३०. आता मात्र कुणाला शंका उरली नाही.

हे वाचून पहिल्यांदा संताप येतो. उत्तर १९८५ मध्येच दिसत होतं ना? पण थोडं थांबून विचार केला की गोष्ट तेवढी सोपी राहत नाही. ब्रिटनमध्ये एक्मोची सोय फारच थोड्या ठिकाणी होती. चाचणी झाली नसती तर त्यातल्या बहुतेक बाळांना तो उपचार मिळालाच नसता. आणि मिशिगनच्या बारा बाळांवर विश्वास ठेवून जगभर एक्मो सुरू केलं असतं आणि उद्या ते 'कास्ट'मधल्या गोळ्यांसारखं निघालं असतं तर? १९८५ मध्ये उभं राहून बघणाऱ्याला १९९६ दिसत नाही.

यातून एक कडू गोष्ट मात्र दिसते. पहिल्या चाचणीने आपल्या बाळांशी दयेने वागायचं ठरवलं. त्या दयेमुळे तिचं उत्तर कच्चं राहिलं. आणि पक्क्या उत्तराची किंमत नंतर दुसऱ्या बाळांनी चुकवली. किंमत टळली नाही, ती पुढे ढकलली गेली. समोरच्या बाळाशी दया दाखवणं चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. मी तिथे असतो तर तेच केलं असतं असं वाटतं. पण तो निर्णय कुणालाच भोवला नाही असंही म्हणता येत नाही.

पॉवरप्लेचा रनरेट

नुकसान दिसलं म्हणून थांबणं आपल्याला पटतं. फायदा दिसला म्हणून थांबणं त्याहून आनंदाचं वाटतं. खरं तर तिथेच जास्त सांभाळायला हवं.

१९८६ मध्ये एड्सवर कुठलंच औषध नव्हतं. एझेडटी या औषधाची चाचणी २८२ रुग्णांवर चालू होती. सप्टेंबरमध्ये समितीने आकडे पाहिले. प्लासिबो गटात १९ मृत्यू, एझेडटी गटात १. चाचणी तिथेच थांबली, प्लासिबोवाल्यांनाही औषध दिलं गेलं, आणि मार्च १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९ विरुद्ध १ दिसत असताना थांबायचं नाही असं कुठला माणूस म्हणेल? तो निर्णय बरोबरच होता.

पण पुढे काय झालं बघा. अजून आजाराची लक्षणं नसलेल्या, फक्त विषाणू शरीरात असलेल्या लोकांना हे औषध लवकर दिलं तर? अमेरिकेतली तशी एक चाचणी १९८९ मध्ये फायदा दिसला म्हणून लवकर थांबवली गेली. युरोपात 'कॉन्कॉर्ड' नावाची चाचणी मात्र चालू राहिली. १,७४९ लोक, सुमारे तीन वर्षं. शेवटी दिसलं, की लवकर औषध घेणाऱ्यांत आणि थांबून घेणाऱ्यांत जगण्याच्या बाबतीत फरक नव्हता. फायदा होता तो सुरुवातीचा, पुढे तो विरत गेला. विषाणू एकट्या औषधाला सरावतो हे नंतर नीट कळलं, आणि १९९०च्या दशकात अनेक औषधं एकत्र देणं सुरू झालं तेव्हा चित्र खरोखर बदललं.

म्हणजे लवकर थांबलेली चाचणी 'आत्ता काय होतंय' हे सांगते. 'पुढे काय होईल' हे ती सांगू शकत नाही, कारण पुढचं तिने पाहिलेलंच नसतं. शिवाय आकडेही फुगलेले असतात. आयपीएलमध्ये पॉवरप्लेच्या शेवटी एखाद्या संघाचा रनरेट बाराचा दिसतोय म्हणून सामना तिथेच थांबवून 'हा संघ बाराने खेळतो' असं लिहून टाकावं, तसं. आपण नेमके तो आकडा सर्वात चांगला दिसतो त्या क्षणी थांबलेलो असतो. २०१० मध्ये काही संशोधकांनी फायदा दिसला म्हणून लवकर थांबलेल्या ९१ चाचण्या घेतल्या आणि त्याच प्रश्नांवरच्या, न थांबवलेल्या ४२४ चाचण्यांशी त्या ताडून पाहिल्या. थांबलेल्या चाचण्यांत परिणाम सातत्याने जास्त मोठा दिसत होता. चाचणी जितकी छोटी, तितका फुगवटा मोठा.

याचा अर्थ फायदा दिसूनही लोकांना अडकवून ठेवावं असा नाही. थांबल्यानंतरही जबाबदारी संपत नाही, असा आहे. आणि हे नीट पाळता येतं, याचं उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे.

पुणे आणि बार्शी

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला लवकर औषधं सुरू केली तर तिच्या जोडीदाराला लागण होणं टळतं का, हे पाहणारी एक चाचणी नऊ देशांत चालू होती. १,७६३ जोडपी. त्यातलं एक केंद्र पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. अर्ध्या जोडप्यांत औषध लगेच सुरू झालं, अर्ध्यांत त्या काळच्या रीतीप्रमाणे रोगप्रतिकारक पेशी बऱ्याच घटल्यावर. २०११ मध्ये समितीने आकडे पाहिले. जोडीदाराकडूनच लागण झाली असं सिद्ध झालेल्या २८ घटना होत्या. त्यातल्या २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात, १ लवकर मिळालेल्या गटात.

चाचणी २०१५ पर्यंत चालायची होती. समितीने निकाल लगेच जाहीर करायला लावला आणि सगळ्यांना औषध देऊ केलं गेलं. पण जोडप्यांचा पाठपुरावा थांबला नाही. तो ठरल्याप्रमाणे २०१५ पर्यंत चालला, आणि फायदा टिकतो हेही त्यातून कळलं. आज जगभर एचआयव्ही कळताच औषध सुरू करतात, त्यामागे या जोडप्यांचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट सुरू होते. २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस भारतात दोन वेगवेगळ्या कामांत दिली जात होती. एक होता खम्मम आणि वडोदऱ्यातला एक प्रकल्प. त्यात लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमती कशी घेतली गेली ते बाहेर आलं. कित्येक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. पुढे संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

दुसरं काम पूर्ण वेगळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेची, नऊ केंद्रांवरची एक चाचणी. मुंबई, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी ही त्यातली केंद्रं. तीन डोस द्यावेत की दोन पुरतात, हा प्रश्न. २०,००० मुली घ्यायच्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने पहिल्या प्रकल्पावरून उठलेल्या गदारोळात सगळंच एचपीव्ही लसीकरण थांबवलं. या चाचणीतल्या १७,७२९ मुलींना तोवर लस टोचली होती, पण सगळ्यांचे डोस पूर्ण झाले नव्हते. काहींचे तीन, काहींचे दोन, आणि जवळपास पाच हजार मुलींना फक्त एक.

चाचणी म्हणून ती मोडली. चिठ्ठ्या टाकून केलेले गट राहिलेच नाहीत. कुठल्याही डॅशबोर्डवर तिच्यापुढे लाल खूण आली असती. पण संशोधक, परिचारिका आणि गावागावांतले कार्यकर्ते त्या मुलींकडे जात राहिले. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, तरी वर्षानुवर्षं तपासण्या चालू राहिल्या. २०२१ मध्ये दहा वर्षांचे आकडे आले. लशीतल्या दोन मुख्य विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने मिळालेलं संरक्षण सुमारे ९५ टक्के होतं. दोन किंवा तीन डोसांएवढंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात केनियातल्या एका चाचणीसोबत या मुलींचाही मोठा भाग होता. ज्या देशांना तीन डोस परवडत नव्हते त्यांना एक परवडू शकतो.

मग ती चाचणी थांबली हे चांगलंच झालं म्हणायचं का? मला ते पटत नाही. त्या पाच हजार मुलींच्या पालकांनी एका डोसला होकार दिलेला नव्हता. त्यांना जे कबूल केलं होतं ते मिळालं नाही. निकाल चांगला लागला म्हणून मागची चूक बरोबर ठरत नाही, एवढं व्यवहारज्ञान आपल्याला घरात लहानपणीच मिळतं. चांगलं जे झालं ते थांबवण्यामुळे झालं नाही. थांबल्यावरही कुणीतरी त्या मुलींच्या घरी जात राहिलं, त्यामुळे झालं.

पैशासाठी थांबणं

आतापर्यंतच्या प्रत्येक गोष्टीत थांबण्याचं कारण माणसांशी जोडलेलं होतं. कुणाला वाचवायचं होतं, कुणाची भीती होती. पण चाचण्या आणखी एका कारणाने थांबतात. तिला पोसणाऱ्याला आता ती नको असते.

'कन्व्हिन्स' ही रक्तदाबाच्या औषधाची चाचणी. १५ देश, १६,६०२ लोक. औषध कंपनीने ती व्यावसायिक कारणासाठी नियोजित वेळेच्या दोन वर्षं आधी बंद केली. औषध चांगलं ठरलं नव्हतं, वाईटही ठरलं नव्हतं. ज्या प्रश्नासाठी हजारो लोकांनी वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या त्याचं ठाम उत्तर मिळालंच नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत एका झटक्यात गोठवली, तेव्हा कित्येक देशांतल्या चाचण्या अधांतरी राहिल्या. दक्षिण आफ्रिकेत गर्भधारणा आणि एचआयव्ही दोन्ही रोखू पाहणाऱ्या एका रिंगची चाचणी चालू होती. ती रिंग स्त्रियांनी शरीरात बसवून घेतलेली होती. काम थांबवा असा आदेश आला, आणि मग फोन गेले: या, रिंग काढून घेऊ.

मला वाटतं या प्रकरणांतला अन्याय 'कास्ट'पेक्षा वेगळ्या जातीचा आहे. 'कास्ट'मध्ये औषधाने जे दगावले त्यांच्या मृत्यूचा किमान हिशेब झाला. तो हिशेब वाचून जगभरच्या डॉक्टरांनी ते औषध तशा रुग्णांना देणं सोडलं. चाचणीत उतरणारा माणूस आपलं शरीर देतो, वेळ देतो, आणि स्वतःला एक आकडा बनवून घ्यायला तयार होतो. बदल्यात त्याला बरं वाटेल अशी हमी नसते. हमी एकच असते, की तो आकडा मोजला जाईल. पैशासाठी चाचणी बंद करणारा नेमकी तीच हमी मोडतो. धोका माणसाने पत्करून झालेला असतो आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

यावर म्हणता येईल, की पैसे संपले तर कोण काय करणार? बरोबर. पैसे खरंच संपू शकतात. पण इमारत अर्धवट सोडणाऱ्या बिल्डरला आपण 'पैसे संपले ना बिचाऱ्याचे' म्हणून सोडत नाही. त्याने आधी काय कबूल केलं होतं आणि कुणाचे पैसे घेतले होते ते विचारतो. इथे तर पैशांऐवजी शरीरं घेतलेली असतात.

मग समोरचा माणूस की पुढचे हजारो, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? मला एकच एक उत्तर सापडलेलं नाही, आणि गणितातून ते निघेल असंही आता वाटत नाही. गणित फक्त सांगतं, की इतक्या लवकर थांबलात तर चुकण्याची शक्यता इतकी. ती शक्यता कुणाच्या अंगावर टाकायची, हे ठरवणं माणसांवरच राहतं. पण थांबलेल्या चाचणीला विचारायचे तीन प्रश्न मात्र माझ्यापुरते पक्के झालेत. ती कुणासाठी थांबली? त्यातल्या माणसांना का थांबली ते त्यांच्या भाषेत सांगितलं का? आणि थांबल्यावर त्यांच्याकडे कुणी परत गेलं का? मिशिगन पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतं, हार्वर्ड दुसऱ्यात अडखळतं, बार्शीची चाचणी तिसऱ्यात उजळून निघते. कन्व्हिन्स पहिल्याच प्रश्नाला अडते.

आपल्या देशात चाललेल्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर करावीच लागते, आणि ती फोनवरही कुणालाही बघता येते. शोधून बघा. तुमच्या शहरातलं एखादं रुग्णालय दिसेल, आजाराचं नाव दिसेल, किती माणसं घ्यायची होती तो आकडा दिसेल. काही नोंदींपुढे चाचणी मुदतीआधी बंद झाल्याची खूण असते. त्या प्रत्येक खुणेमागे काही माणसं आहेत, ज्यांनी संमतीपत्रावर सही केली होती. त्या कागदावर एक वाक्य हमखास असतं: तुम्ही कधीही, कुठलंही कारण न देता, यातून बाहेर पडू शकता. हा हक्क त्यांचाच असला पाहिजे. ज्यांनी त्यांना बोलावलं, त्यांनी थांबताना कारण सांगायला हवं.